पडलेला माणूस उठतो कसा?

चित्रपटातील मारामारी वास्तव असावी की अद्भुत, हा प्रश्न एका धर्मगुरूने साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात चर्चेस घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु घरभेटीसाठी आम्ही कुटुंबाकुटुंबांतून फिरतो तेव्हा जे विषय हमखास निघतात, त्यांत हा एक आहे. आईबाप तक्रार करतात की, मुले दिवसभर मोबाईलवर हाणामारी पाहतात. आजोबा म्हणतात, ‘‘सगळे थोतांड! माणूस कधी असा उडतो काय?’’ आणि मुले म्हणतात, ‘‘फादर, माणूस उडत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे.’’ दोन्ही पक्षांचे ऐकता ऐकता आमचे स्वतःचे असे एक मत बनत गेले. ते दोघांपैकी कोणालाही फारसे रुचेल असे वाटत नाही. तरीही मांडून पाहतो.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे पैलवानांचे माहेरघर. कऱ्हाडला लागून असलेले गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. सांगलीजवळचे कवठेपिरान हे हिंदकेसरी मारुती माने यांचे आणि शिराळा तालुक्यातील पुनवत हे हिंदकेसरी गणपत आंदळकर यांचे. कुंडलच्या मैदानाचे नाव तर कुस्तीशौकिनांच्या तोंडी पंढरीसारखे असते. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात झाली. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. अशा मुलुखातला प्रेक्षक चित्रपटगृहात बसला तरी मैदानाच्या कडेला बसल्यासारखाच बसतो. पडद्यावर कोणी कोणाला उचलून आपटले की, मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘‘अरे, कंबर धरलीच नाही त्यानं, उचलला कसा?’’

ज्यांनी जत्रेतले कुस्तीचे मैदान पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. दुपारी उन्हे कलली की, आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत दिवेलागण होते. हलगी कडाडत असते. दोघे मल्ल माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात, हात मिळवतात आणि खडाखडी सुरू होते. आता जो चित्रपट पाहून आला आहे, त्याला वाटते, काहीतरी घडेल. घडत काहीच नाही. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर, कपाळाला कपाळ, पाय मागे रोवलेले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. नवखा माणूस कंटाळून शेंगदाणे घ्यायला उठतो. जाणता प्रेक्षक मात्र हलत नाही. कारण त्याला दिसत असते की, डावीकडच्याचा श्वास आता तोंडाने चालू झाला आहे. मानेवरचा तो हात केवळ ठेवलेला नसतो, तो सारे वजन टाकून समोरच्याचा दम पीत असतो. आणि मग एकाएकी पट निघतो, कोणाचा तरी पाय हातात येतो, आणि चारदोन क्षणांत एकाला अस्मान दिसते. शेंगदाणे घेऊन परतलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, ‘‘काय झालं?’’ काय झाले हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. जे झाले ते आधीच्या दहा मिनिटांत झालेले असते.

खऱ्या झुंजीचे हे स्वरूप कॅमेऱ्याला मानवत नाही. श्वास दिसत नाही, वजन दिसत नाही, वाट पाहणे तर मुळीच दिसत नाही. त्यामुळे ज्याला आपण वास्तव मारामारी म्हणतो, तीही पडद्यावर येताना बदलून येते. दहा मिनिटांची माती बाजूला सारून शेवटचे चार क्षणच तेवढे उरतात, आणि ते चार क्षणही तीन बाजूंनी, तीन वेळा दाखवले जातात.

खाशाबांचेच उदाहरण घेऊ. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथे गादीवर आणि परक्या नियमांनुसार लढावे लागले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. गावाने वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे ५७ किलो वजनगटात त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी याच्याशी लांबलेली, दमवून टाकणारी लढत झाली. तीत ते हरले. त्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव याच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून देऊन भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबा उठले आणि गादीवर गेले. ते हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी स्वतः कुस्त्यांचे फड भरवून त्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले. पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

या हकिकतीत डावपेच किती, आणि दम, पैसा, नियम आणि अनुपस्थित अधिकारी किती, हे वाचकांनीच पाहावे. खरी झुंज म्हटली की, हे सारे आले. इशीशी लढून आलेला माणूस धापा टाकत बसला आहे आणि त्याचे नाव पुन्हा पुकारले जात आहे, हा क्षण कोणी दिग्दर्शक जसाच्या तसा दाखवील तर त्याला आम्ही खरे वास्तव म्हणू. त्यात कोणी कोणाला ठोसा मारीत नाही.

आमच्या लहानपणी जत्रेच्या तंबूत दारासिंगांचे चित्रपट येत. बाबूभाई मिस्त्रींचा ‘किंग काँग’ १९६२ सालचा. पण तो आणि त्याच्यासारखे कितीतरी चित्रपट पुढे बरीच वर्षे तंबूतंबूतून फिरत राहिले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षक असत. मागच्या बाजूला बसणाऱ्याला दारासिंग डावखुरा दिसे, म्हणून तिकीट स्वस्त. दारासिंग हे अस्सल मल्ल होते, चित्रपटात मात्र ते खांब उपटीत, साखळ्या तोडीत, राक्षसांशी झुंजत. गावकरी टाळ्या पिटीत आणि घरी जाताना शांतपणे म्हणत, ‘‘शिणेमा हाय त्यो.’’ त्याच गावकऱ्यांना जत्रेच्या मैदानात दोन मल्लांनी आधी ठरवून केलेली कुस्ती मात्र खपत नसे. अशा कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. ती ओळखू आली की, मैदानात ढेकळे पडत. खांब उपटणाऱ्या दारासिंगांना टाळ्या आणि नुरा खेळणाऱ्या पैलवानाला ढेकळे, यात काही विसंगती आहे असे त्या लोकांना कधीच वाटले नाही. आम्हालाही वाटत नाही. दारासिंगांनी कोणाला फसवले नव्हते.

पुढे पुण्यास सेमिनरीत शिकत असताना सुटीच्या संध्याकाळी कधीमधी भाड्याचा व्हिडिओ संच येई. ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांची आमची ओळख तेव्हाची. आमचे नीतिशास्त्राचे एक प्राध्यापक मागच्या बाकावर बसून चित्रपट शेवटपर्यंत पाहत आणि उठताना ‘‘वेळेचा अपव्यय!’’ असे पुटपुटत. ब्रूस लीचा ‘वे ऑफ द ड्रॅगन’ १९७२ सालचा, स्वतः त्यानेच दिग्दर्शित केलेला. त्याच्या शेवटी रोमच्या प्राचीन कोलोसियममध्ये त्याची आणि चक नॉरिसची झुंज आहे. नॉरिस हा प्रत्यक्षातही कराटेचा विजेता होता. दोघे आधी एकमेकांसमोर अंग मोकळे करतात, बोटे मोडतात; जणू सलामीच. एक मांजराचे पिल्लू बघत असते. पुढे नॉरिसचा हात मोडतो, पाय मोडतो, तरी तो उठू पाहतो. ब्रूस ली मान हलवून त्याला ‘नको’ म्हणतो. तो ऐकत नाही, आणि मारला जातो. मग ब्रूस ली त्याचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून त्याच्या देहावर पांघरतो आणि क्षणभर गुडघे टेकून बसतो. मारामारीच्या चित्रपटांत जिंकलेला माणूस हरलेल्याकडे इतका वेळ पाहतो, असे आम्ही तोवर पाहिले नव्हते. मागच्या बाकावरचे प्राध्यापक त्या दिवशी काही पुटपुटले नाहीत.

जॅकी चॅनची तऱ्हा निराळी. त्याच्या मारामारीत स्टूल, शिडी, छत्री, दोरी, जे हाताशी येईल ते चालते. पण तो कोणाला ठोसा मारतो तेव्हा पुष्कळदा स्वतःचाच हात झटकत, तोंड वेडेवाकडे करीत फुंकर घालतो. हाताची हाडे कवटीहून नाजूक असतात, हे त्या विनोदातून सहज कळते. त्याच्या अनेक चित्रपटांच्या शेवटी नामावलीबरोबर फसलेली दृश्ये दाखवतात. १९८६ च्या ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात युगोस्लाव्हियात झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती. उडी खोटी नव्हती आणि पडणेही खोटे नव्हते. त्या शेवटच्या चार मिनिटांनी आधीचे दोन तास तपासून घेता येतात.

आता उडणाऱ्या माणसांकडे वळू. अँग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ २००० साली आला. त्यात योद्धे छपरांवरून तरंगत जातात, तळ्याच्या पाण्यावर पाऊल टेकवून पुढे सरकतात आणि बांबूच्या वनात शेंड्यांवर उभे राहून तलवारी चालवतात. नटांना तारांनी टांगायचे आणि मग संगणकाच्या साहाय्याने तारा पुसून टाकायच्या, अशी ती करामत. त्यातील द्वंद्वांची आखणी युएन वू-पिंग यांची. जॅकी चॅनला नावारूपाला आणणारा ‘ड्रंकन मास्टर’ हा १९७८ चा चित्रपट याच गृहस्थांनी दिग्दर्शित केला होता. धडपडणारा जॅकी आणि बांबूवर तरंगणारे योद्धे एकाच माणसाच्या हातून घडले, ही गोष्ट वास्तव आणि अद्भुत यांत भिंत घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चिनी लोकांना त्या उडण्याचे आश्चर्य वाटत नाही. शतकानुशतके त्यांच्या कथाकादंबऱ्यांत आणि रंगभूमीवर देह हलका करण्याची विद्या साधलेले वीर वावरत आले आहेत. आपल्याकडे दशावतारात गणपतीची सोंड खोटी असते म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही, तसेच ते.

आणि अद्भुत आपल्या दारातही येऊन गेले आहे. ‘दबंग’ या २०१० च्या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण आपल्या वाईत झाले. उत्तर प्रदेशातले गाव म्हणून पडद्यावर दिसते ती आपली वाई. शेवटच्या मारामारीत नायकाचे स्नायू असे फुगतात की, सदरा आपोआप फाटून गळून पडतो. ‘बाहुबली’च्या २०१७ च्या दुसऱ्या भागात सैनिक ढाली जुळवून गोळा होतात आणि वाकवलेल्या ताडाच्या झाडांवरून गोफणीतल्या दगडासारखे किल्ल्यात जाऊन पडतात. आमच्या मुलांनी यावर केलेले विनोद आम्ही ऐकले आहेत. ताडावरून स्वतःला फेकून घेण्याचा प्रयत्न मात्र आमच्या धर्मग्रामात अजून कोणी केलेला नाही.

जे केले गेले ते निराळे होते. नाव-गाव टाळून सांगतो. आठवीतल्या दोन मुलांची शाळेच्या मैदानावर बाचाबाची झाली. त्यांपैकी एकाने दोन्ही तळहात एकदम दुसऱ्याच्या दोन्ही कानांवर आपटले. हा प्रकार त्याने पडद्यावर पाहिला होता. नायक तसे करतो, खलनायकाच्या हस्तकाचे डोळे फिरतात, तो दोन गिरक्या घेऊन पडतो आणि प्रेक्षक हसतात. पुढच्या दृश्यात तोच हस्तक पुन्हा मारामारीला हजर असतो. या मुलाच्या डाव्या कानातून रक्त आले. अशा फटक्याने कानाच्या पोकळीत हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. पुष्कळदा तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. याचा आला नाही. मिरजेस नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. वडील रोजंदारीवर जाणारे. त्यांचे किती दिवस बुडाले आणि किती कर्ज झाले याचा हिशेब आम्हाला ठाऊक आहे. मुलगा आता बरा आहे, पण वर्गात उजवा कान शिक्षकांकडे राहील अशा जागी बसतो. ज्याने मारले तो मुलगा त्याचा शत्रू नव्हता. त्याची आई आम्हाला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, ‘‘फादर, त्याला वाटलं, चक्कर येईल आणि उठेल.’’

या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याने जे शेकडो वेळा पाहिले होते, त्यावरून त्याने अनुमान काढले होते. ज्या चित्रपटात हे होते, त्यात कोणी उडत नव्हते. रस्ता खऱ्यासारखा, कपडे मळलेले, शिव्या खऱ्या. समीक्षकांनी ज्याला वास्तववादी म्हणून वाखाणावे असाच तो. आणि त्यातच सर्वांत मोठे अद्भुत लपलेले होते. डोक्यावर खुर्ची बसते, माणूस डोके झटकून उभा राहतो. हनुवटीवर ठोसा बसतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि सोयीच्या वेळी जांभई दिल्यासारखा जागा होतो. प्रत्यक्षात माराने शुद्ध हरपणे म्हणजे मेंदूला इजा होणे. ती घटका असो की पळ. उघड्या मुठीने हाडावर मारणाऱ्याची करंगळीमागची हाडे मोडतात, हे कोणताही अस्थितज्ज्ञ सांगेल. ठोसा गालापासून वीतभर दूरून जातो, कॅमेरा मागे असल्याने लागल्यासारखा दिसतो, आणि तो ‘ढिशूम’ आवाज नंतर भरलेला असतो. बांबूवर तरंगणाऱ्या योद्ध्याच्या तारा संगणकाने पुसल्या आहेत हे सर्वांना ठाऊक असते. या दुसऱ्या तारा कोणालाच दिसत नाहीत.

आता ‘दंगल’. २०१६ च्या डिसेंबरात आलेला हा चित्रपट आम्ही सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवला. शेजारच्या गावचे एक वस्ताद आवर्जून आले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. दोन्ही कान तालमीत मोडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. ते धर्माने ख्रिस्ती नाहीत, पण आमच्या नाताळच्या करंज्यांना त्यांनी कधी नाही म्हटलेले नाही. नटनट्यांना कुस्ती शिकवणारे कृपाशंकर बिष्णोई हे स्वतः नामवंत मल्ल. कित्येक महिने घाम गाळून घेतलेला पडद्यावर दिसतो. वस्ताद मान डोलावत होते. एका पटाला तर मोठ्याने ‘‘शाब्बास पोरी!’’ म्हणाले. शेवटच्या लढतीत गीता हरत आली आहे, वडिलांना कोणी कपट करून खोलीत कोंडले आहे, आणि शेवटच्या क्षणी पाच गुणांचा डाव टाकून ती जिंकते. सभागृह उभे राहिले. वस्ताद बसून होते.

प्रत्यक्षात २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाट यांनी ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेड यांना १-० आणि ७-० असे सरळ हरवले होते. शेवटच्या क्षणापर्यंत काहीही ताणले गेले नव्हते, आणि वडिलांना कोणी कोंडलेही नव्हते. चित्रपटातील कुटिल प्रशिक्षक काल्पनिक असला तरी ज्यांनी प्रत्यक्षात त्या मुलींना शिकवले, त्यांनी हे चित्रण आपली बदनामी करणारे असल्याची तक्रार जाहीरपणे केली होती. आम्ही हे सांगितले तेव्हा वस्ताद म्हणाले, ‘‘फादर, डाव खरं हायती. कुस्ती खोटी हाय.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘पोरगी सात-शून्यनं जिंकलीती, ते कमी हुतं व्हय? तिनं येवढी मेहनत केली म्हणूनच तर सोपी झाली कुस्ती.’’

आम्हाला या चित्रपटाविषयी आदर आहे. त्याने कितीतरी बापांना मुलींकडे नव्याने पाहायला लावले. पण वस्तादांच्या बोलण्यातली खोच आम्ही विसरू शकत नाही. डाव जितका अस्सल, तितकी त्याच्या आधाराने सांगितलेली गोष्ट खरी वाटते. ताडावरून उडणारे सैनिक कोणा जिवंत माणसाविरुद्ध साक्ष देत नाहीत. घामाने निथळणारी, मोजूनमापून केलेली, वास्तव कुस्ती मात्र तशी साक्ष देऊ शकते, आणि ती खोटी असली तरी लोक ती शपथेवर सांगितल्यासारखी मानतात. गीता यांची ती खरी लढत दिल्लीच्या ज्या कुस्ती सभागृहात झाली, त्याला खाशाबा जाधवांचे नाव दिलेले आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पाच गुणांचा तो चमत्कार तिथे घडला नाही.

मारामारीच्या गोष्टी आमच्याही ग्रंथात पुष्कळ आहेत, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना त्याच आवडतात. त्यांतील एक तर शुद्ध कुस्ती आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात बत्तिसाव्या अध्यायात याकोब यब्बोक नदीच्या उताराजवळ रात्री एकटा राहतो आणि एक अनोळखी पुरुष पहाट होईपर्यंत त्याच्याशी झोंबी घेतो. प्रतिस्पर्धी या जगातला नाही. याहून अद्भुत लढत कोणती असणार? पण तो याकोबाच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श करतो आणि सांधा निखळतो. सूर्य उगवतो तेव्हा याकोब लंगडत चाललेला दिसतो. आशीर्वाद मिळाला, नाव बदलले, तरी लंगडणे राहिले. इतकेच नव्हे, त्या सांध्यावरचा स्नायू त्याचे वंशज खात नाहीत, असेही लिहून ठेवले आहे. सांगणारा ती जखम विसरलेला नाही आणि त्याने ती पुढच्या पिढ्यांनाही विसरू दिलेली नाही.

म्हणून आमच्या सभागृहात कोणता चित्रपट दाखवावा यावर युवक मंडळाशी बोलणे होते तेव्हा ‘वास्तव’ आणि ‘अद्भुत’ हे शब्द आम्ही फारसे वापरत नाही. जो पडला तो कसा उठतो, एवढेच विचारतो. ब्रूस लीचा कोलोसियममधला प्रसंग या कसोटीला उतरतो. बांबूच्या वनातले योद्धेही उतरतात. शेवटी त्यांतील एकजण विषाने मरतो, आणि ते मरण एका श्वासात उरकलेले नाही. ‘दबंग’ला ही कसोटी लावणेच व्यर्थ, त्याने तसा आव आणलेला नाही. जे नापास होतात त्यांची यादी आम्ही येथे देत नाही. ती मुलांनीच एका फळ्यावर लिहिली आणि ती आमच्या अपेक्षेहून बरीच लांब झाली. काही आईबापांना हे पसंत नाही. मारामारीचे चित्रपट दाखवायचेच कशाला, असे ते म्हणतात. आम्ही दाखवले नाहीत तर मुले ते एकटी पाहतील, आणि शेजारी बसून ‘‘कंबर धरलीच नाही त्यानं’’ असे म्हणणारे कोणी नसेल, एवढेच आमचे उत्तर.

त्या कानाच्या प्रकरणानंतर आम्ही वस्तादांना विनंती केली की, रविवारी मिस्सानंतर तासभर आमच्या मुलांना काही शिकवाल का? ते आले. सभागृहामागे माती उकरून, चाळून, त्यात थोडी हळद, तेल आणि ताक घालून त्यांनी लहानसा हौदा तयार करून घेतला. पहिल्या रविवारी अठरा मुले आली. वस्तादांनी त्यांना तासभर पडायला लावले. हनुवटी छातीला, पाठ गोल, खांद्यावरून लोळण. दुसऱ्या रविवारी अकरा मुले आली, पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी सात. त्यांत तो मुलगा होता, ज्याने फटका मारला होता. ज्याला लागला तो कडेला बसून पाहत असतो. डॉक्टरांनी त्याला अजून परवानगी दिलेली नाही. चौथ्या रविवारी एका धीट मुलाने विचारले, ‘‘वस्ताद, डाव कधी शिकवणार?’’

‘‘आजून पडताना तुजा हात भुईवर येतुया,’’ वस्ताद म्हणाले, ‘‘मनगाट मोडंल. पड परत.’’